दुसऱ्या मजल्यावरची मारी

सेंटगाली बाईंच्या घरात मोलकरणीचं नाव मारी असायचं. म्हणजे आधी नाव असायचं आणि मग मोलकरीण यायची. स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला एक पांढरा एप्रन लटकत असे, तसंच हे नाव. एक पोरगी लग्न ठरून गेली की दुसरी यायची. एप्रन तिच्या कमरेला आणि नाव तिच्या कपाळी. मी त्या घरात चौदा वर्षं स्वयंपाक केला आणि तेवढ्यात सात मारी पाहिल्या. त्यातल्या खऱ्या मारी किती होत्या, देव जाणे. मी कधी विचारलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी बाईंना शिव्या घालायला लागले की माझीही लायकी तुम्हाला ठाऊक असेल.

मला मात्र माझं नाव होतं. विदाक रोझालिया, आमच्याकडच्या रीतीनं आडनाव आधी; सगळे रोझी म्हणत. स्वयंपाकीण रुसली तर पाहुण्यांपुढे काय वाढणार? म्हणून बाईंनी मला रोझी राहू दिलं.

सातवी मारी आली ती एकोणीसशे छत्तीस साली, ऑगस्टच्या शेवटी. शाल्गोतार्यानकडच्या कोळशाच्या खाणींवरच्या वसाहतीतली पोर, सतरा वर्षांची, हाडापेराने मजबूत, हातात दोरीने बांधलेलं गाठोडं. बाईंनी तिचं नाव-गाव लिहिलेलं नोकरीचं पुस्तक घेतलं, न उघडताच टेबलाच्या खणात टाकलं आणि म्हणाल्या, "बरं, मारी. आधी पुफीला फिरवून आण."

"बाईसाहेब, माझं नाव बोर्बाला," पोर म्हणाली. "घरी बोर्का म्हणतात."

"असेल गं. पण आमच्याकडे मारीच असते. दरवेळी नवीन नाव कोण पाठ करणार?"

पोरीनं माझ्याकडे पाहिलं. मी कांदा चिरत होते. मी चिरतच राहिले.

नवीन माणूस घरात आलं की खाली रखवालदाराच्या वहीत नोंद करायची असते. रखवालदार म्हणजे आमचे गाश्पारकाका. त्यांनी वर येऊन दोनदा आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, "अहो, वहीत मारी आहे ना? मग झालं तर." गाश्पारकाका मान हलवत खाली गेले. तेही भलेच गृहस्थ होते. त्या घरात सगळे भलेच होते हो, त्याचाच तर मला जास्त राग येतो.

आता बाईंचं बघा. बाईंचं नाव एर्झेबेट. नवरा त्यांना एर्झिके म्हणायचा, बहीण ब्योझी, शाळेतल्या मैत्रिणी ब्योश्के आणि एक म्हातारी आत्या होती ती लिझा. एका बाईला चार-चार लाडाची नावं, आणि कुणी चुकीचं घेतलं तर खपायचं नाही. एकदा शेजारच्या वकिलीणबाई त्यांना ब्योश्के म्हणाल्या, तर दार लागल्यावर बाई फणकारल्या, "ब्योश्के म्हणायला ही माझ्या बाकावर बसली होती का?" आणि कुत्रा! कुत्र्याचं नाव पुफी. पण तो पुफिकाही होता आणि पुफुशही, आणि पावसात भिजून आला की पुफुश्काही. कुत्र्याला चार नावं परवडत होती. पोरीला तिचं एक द्यायचं जिवावर आलं होतं.

बारा सप्टेंबरला मारीचा दिवस. आमच्याकडे नावाचा दिवस म्हणजे वाढदिवसापेक्षा मोठा. ज्या संताचं नाव, त्याच्या दिवशी लोक दारात येऊन तोंड गोड करतात. बाईंनी त्या सकाळी चॉकलेटांचा डबा आणून पोरीच्या हातात दिला. रिबीन बांधलेला, चांगला महागातला. "देव तुला सुखात ठेवो, मारी!" आणि तिच्या दोन्ही गालांचे मुकेही घेतले. पोर डबा धरून उभी राहिली. रस्त्यात सापडलेलं दुसऱ्याचं पाकीट हातात धरावं, तशी.

त्या दिवशी मी आलुबुखारचे गोळे करत होते आणि ती समोर बसून फळातल्या बिया काढत होती. मी म्हटलं, "तोंड का गं एवढंसं? डबा मिळालाय की."

"मावशी, हा दिवस माझा नाही. माझा चार डिसेंबरला."

"असू दे की. दोनदा गोड खा."

ती हसली नाही. थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागली. त्यांच्या वसाहतीत घरटी एक बोर्बाला असते म्हणे, कारण ती खाणकामगारांची संत. तिच्या दिवशी खाण बंद, बँड वाजतो, बाप्ये काळे कोट घालून मिरवणुकीने देवळात जातात. हिचा बाप सुरुंग लावणारा होता. पोरगी झाली तेव्हा नाव काय ठेवायचं हे कुणी विचारलंसुद्धा नाही.

"शाळेतले मास्तर म्हणायचे, फार जुनं ग्रीक नाव आहे. त्याचा अर्थ परकी बाई," ती म्हणाली. "मी रडत घरी गेले होते. आई म्हणाली, मास्तरांना काय कळतंय! परक्या माणसाला कुणी बोर्का म्हणतं का?"

"मग बोर्का आईचं होय?"

"आईचंच. रागावली की बोरिश. मैत्रिणी बोर्चा म्हणतात. बोर्बाला फक्त पाद्रीबुवा आणि मास्तर." बी काढता काढता तिचा हात थांबला. "बाबा बोरिश्का म्हणायचे. पाळीवरून आले की दारातूनच. तीन वर्षांमागे ते खाणीतच राहिले, वर आले नाहीत. तेव्हापासून तसं कुणी म्हणत नाही. आईनं एकदा म्हणून बघितलं, पण ते तिच्या तोंडून बरं वाटेना, मग तिनंच सोडलं."

हे सगळं तिनं मला सांगितलं. मला, माझ्या टेबलाशी बसून, माझ्या कानात. मी गोळे उकळत्या पाण्यात सोडले आणि म्हटलं, "मारी, ती साखर दे इकडे."

आईला ती महिन्याचं महिन्याला पत्र लिहायची. आईकडून उत्तर यायचं नाही, कारण आईला सहीपुरतीच अक्षरं येत होती. पण नावाच्या दिवशी शेजारच्या मास्तरांकडून कार्ड लिहून घेईन आणि खाली सही करेन, असं आईनं निघताना कबूल केलं होतं. पत्ता पोरीनंच लिहून दिला होता: दान्यी बोर्बाला, सेंटगाली यांचेकडे. आपल्याला इथे मारी म्हणतात हे तिनं घरी कळवलं नव्हतं. म्हणाली, आईला वाईट वाटेल.

आणि मग एकोणीस नोव्हेंबर उजाडला. एर्झेबेटचा दिवस, म्हणजे बाईंचा.

संध्याकाळी तीस पाहुणे यायचे होते. मी सकाळपासून रेतेशच्या, म्हणजे पातळ पापुद्र्यात सारण गुंडाळून भाजलेल्या वळकट्यांच्या, मागे लागले होते. ते पीठ टेबलावर चादर पसरून चारी बाजूंनी हाताच्या पाठीवर ओढायचं असतं, इतकं पातळ की खालची चादरीची नक्षी दिसली पाहिजे. एकदा ओढायला घेतलं की जगबुडी आली तरी हात काढता येत नाही; वाळलं की तडकलंच. माझे दोन्ही हात कोपरापर्यंत पिठाखाली. मारी कुत्र्याला घेऊन बाहेर. बाई केस कुरळे करून घेत होत्या. एवढ्यात इमारतीच्या आतल्या चौकातून गाश्पारकाकांची हाक आली.

"रोझी! अगं रोझी! तार आलीय! तुमच्याकडे कुणी दान्यी बोर्बाला आहे का?"

"नाही!" मी खिडकीतून ओरडले. "आमच्याकडे मारी आहे!"

"नक्की?"

"अहो, माझं पीठ फाटतंय! नाही म्हटलं ना!"

मला वाटतं, सगळं मिळून एवढंच. पीठ फाटलं नाही. कोबीचं, खसखशीचं आणि आंबट चेरीचं, तिन्ही रेतेश अशी उतरली की बाईंच्या बहिणीनं स्वयंपाकघरात येऊन माझे हात हातात घेतले. बाहेर एर्झिके, ब्योझी, ब्योश्के यांचा नुसता गजर चालला होता. मारी रात्रीपर्यंत ताटं उचलत होती. ती तार माझ्या डोक्यातून पार पुसली गेली होती.

चार डिसेंबरला पोर उजाडायच्या आधी उठली. मंडईतल्या फुलवालीकडून तिनं चेरीची एक फांदी आणली होती. बोर्बालाच्या दिवशी फांदी पाण्यात ठेवायची. नाताळपर्यंत फुलली तर वर्ष चांगलं जातं, पोरगी लग्नाची असली तर लग्न ठरतं. तिनं ती काकडीच्या रिकाम्या बरणीत घालून खिडकीत ठेवली. मग दर पाच मिनिटांनी सज्जात जाऊन खाली टपालवाला दिसतो का बघायला लागली.

बाई कॉफी घ्यायला आत आल्या. "ही काटकी कशाला? पुफीच्या डोळ्यात जाईल."

"आज माझा दिवस आहे, बाईसाहेब."

"तुझा दिवस सप्टेंबरात झाला, मारी. चॉकलेटं खाल्लीस ना?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण कॉफी उतू जात होती, मी भांडं उतरवायला वळले. टपालवाला दहाला आला आणि गेला. कार्ड नव्हतं.

"विसरली असेल आई," पोर म्हणाली. आवाज अगदी साधा होता.

अकराच्या सुमारास चौकातून हाक आली. मी आधी लक्ष दिलं नाही. आमच्या चौकात दिवसभर कुणी ना कुणी ओरडत असतं, चाकूला धार लावणारा, चिंध्या घेणारा. पण ही बाईची हाक होती, गावाकडची, लांबवर पोचवायची सवय असलेली.

"बोर्काऽऽ! अगं बोर्काऽऽ!"

पोरीच्या हातात चिनी मातीची सहा ताटं होती. ती सहाच्या सहा तिनं खाली टाकली आणि धावली.

मी मागोमाग सज्जात गेले. खाली चौकाच्या मधोमध एक बाई उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यात. गाश्पारकाका तिला समजावत होते, "बाई, तीनदा सांगितलं, या नावाचं इथं कुणी राहत नाही." ती ऐकतच नव्हती. मान वर करून एकेका मजल्याकडे बघत हाका मारत होती. बोर्का जिन्यावरून उतरली नाही, कोसळलीच म्हणा. "वेरोनमावशी!" एवढंच ओरडली आणि मावशीच्या काळ्या कपड्यांकडे बघून थबकली.

सगळ्या मजल्यांवरची माणसं सज्जात आली होती. वेरोनमावशी काय बोलली ते सगळ्यांनी ऐकलं.

"तू जिवंत आहेस तर," ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, काम सोडून कुठं वाईट मार्गाला लागलीस. तार पाठवली, ती परत आली, असं कुणी इथं राहत नाही म्हणून. माती झाल्याचं पत्र पाठवलं, तेही परत. तुझी आई एकवीस तारखेला गेली, पोरी. छातीत पाणी झालं होतं. तीन दिवस बोर्का, बोर्का करत होती. बोर्का आली का म्हणायची. आम्ही सांगायचो, गाडीला उशीर झालाय."

बाई सेंटगाली रेशमी झग्यात सज्जात आल्या. "काय चाललंय? मारी, ताटं कुणी फोडली?"

त्यानंतर मी जे बोलले ते मी आयुष्यात कधी बोलले नव्हते. मी म्हटलं, "मारी नाही तिचं नाव! बोर्बाला आहे! तीन महिने ती तुमच्या घरात राबतेय, आणि तुम्ही तिचं पुस्तक उघडून पाहिलं नाही! कुत्र्याची चार नावं पाठ होतात तुम्हाला! त्या पोरीची आई तिच्या नावानं हाका मारत मेली, आणि तार या दारातून परत गेली, कारण तुमच्या घरात माणसं राहत नाहीत, मारी राहतात! चॉकलेटं खाल्लीस का विचारता? शरम वाटत नाही?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी "बरोबर आहे!" म्हणालं. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. पण सांगते, त्या घाबरल्या नव्हत्या. त्यांना खरोखर काही कळत नव्हतं.

"पण रोझी, तार मी कधी परत पाठवली?" त्या म्हणाल्या. "मला तर कुणी विचारलंच नाही."

"विचारलं होतं," खालून गाश्पारकाका म्हणाले. टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली होती. "विचारल्याशिवाय मी कशी परत करीन? एर्झेबेटच्या दिवशी. चौकात उभं राहून विचारलं, दोनदा विचारलं. रोझी, तू म्हणालीस, नाही, आमच्याकडे मारी आहे. पुढचं पत्र आलं तेव्हा मग मी विचारलंच नाही."

सज्जाचा लोखंडी कठडा मी धरला होता. त्याचा गारवा मला अजून आठवतो. पोरीनं खालून वर पाहिलं. बाईंकडे नाही, माझ्याकडे.

मी स्वतःशी पुष्कळ वाद घातलाय यावर. बाईंनी पुस्तक उघडलं असतं तर? वहीत नोंद केली असती तर? सगळं खरं. बाईंना मी आजही माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण बाईंना त्या नावामागचं काही कुणी सांगितलं नव्हतं. नुसतं नाव एकदा सांगितलं, ते त्यांनी पुसून टाकलं. मला तर तिनं त्याच्या गाठी-निरगाठी सोडवून सांगितलं होतं, कोण काय म्हणतं, कधी म्हणतं, कोणाबरोबर कुठलं नाव मातीत गेलं. बोर्बाला म्हटल्यावर बोर्का कळायला कुणी विद्वान लागतो का? आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. मला ते कळलं नाही, कारण तीन महिने मी सोय म्हणून मारी म्हणत होते, आणि मारी म्हणता म्हणता बोर्का माझ्यापुरती उरलीच नव्हती. माझ्या हाताखाली चांगलं पीठ होतं आणि मला ते फाटू द्यायचं नव्हतं.

पोर वर आली. ठिकऱ्या झाडून गोळा केल्या. मी नको म्हणत होते तरी. मग एप्रन काढून दारामागच्या खिळ्याला लावला, गाठोडं बांधलं. मी तिच्या मागे मागे फिरत होते.

"बोर्का," मी म्हटलं. "बोर्का, पोरी, मला..."

ती वळली. रडली नव्हती अजून. डोळे कोरडे आणि मोठे.

"बोर्का नका म्हणू, मावशी," ती म्हणाली. "ते आईचं होतं."

"मग काय म्हणू?"

"माझं नाव दान्यी बोर्बाला आहे. तेवढं म्हणा."

माझ्याच्यानं लगेच म्हणवेना. ती थांबली. खरंच थांबली, गाठोडं हातात घेऊन, मी म्हणेपर्यंत. मग मी म्हटलं. तिनं मान हलवली, जशी पाद्रीबुवांपुढे किंवा मास्तरांपुढे हलवली असती.

बाईंनी खणातून पुस्तक काढून आणलं आणि पहिल्यांदा उघडलं. मीही तेव्हाच पाहिलं. पहिल्याच पानावर, काळ्या शाईत, ठसठशीत. बाई त्या पानाकडे बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "किती छान नाव आहे गं." मला त्यांच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पोरीनं पुस्तक घेतलं, ओल्या फडक्यात फांदी गुंडाळली आणि मावशीबरोबर गेली. फांदी कुणासाठी ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क नव्हता.

जानेवारीत नवीन मुलगी यायची होती. त्याआधीच मी काम सोडलं.

त्यानंतर युद्ध झालं, शहर पडलं, उभं राहिलं, मी म्हातारी झाले. पण दरवर्षी डिसेंबर लागला की मी एक कार्ड आणते, चेरीच्या फुलांचं मिळालं तर ते, आणि त्या कोळशाच्या वसाहतीच्या पत्त्यावर पाठवते. दान्यी बोर्बाला हिस, तुझ्या नावाच्या दिवशी, विदाक रोझालियाकडून. तिचं लग्न झालं असेल, आडनाव बदललं असेल, मला ठाऊक नाही. आमच्याकडे लग्न झालं की बायकांचं उरलंसुरलं नावही नवऱ्याच्या नावाखाली जातं, पण त्यावर मी आज तोंड उघडत नाही. एकोणीस वर्षांत तिचं उत्तर आलेलं नाही, आणि मी त्याची वाटही बघत नाही.

पण एकोणीस कार्डांपैकी, या नावाचं इथं कुणी राहत नाही म्हणून, एकही परत आलेलं नाही.